सही सचिवाची, निर्णय कुणाचा?

महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रधान सचिवांबद्दल एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हा मंत्रालयातून पाठवलेला सरकारी बाबू, कोणाचा प्रश्न घ्यायचा, कोणाला निलंबित करायचं हे तोच ठरवतो, अध्यक्ष नसले की सभागृहाचा मालक तोच, आणि अधिवेशन संपलं की वर्षभर मोकळा. असा मजकूर वाचून लोक चुकीच्या माणसावर राग काढतात आणि निर्णय घेणारा नामानिराळा राहतो. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

सुरुवात ‘सरकारी बाबू’पासून. संविधानाचा अनुच्छेद 187 सांगतो की राज्याच्या विधानमंडळाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल. दोन सभागृहं असलेल्या राज्यात दोन्हींसाठी सामाईक पदं ठेवता येतात. महाराष्ट्रात विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 सदस्य, पण सचिवालय एकच. भरतीचे नियम राज्यपालांनी करायचे असले, तरी ते अध्यक्ष-सभापतींचा सल्ला घेऊनच. हे स्वातंत्र्य आयतं मिळालेलं नाही. ब्रिटिश काळात केंद्रीय विधानसभेचं कार्यालय सरकारच्याच विधि खात्याखाली होतं. 1925 मध्ये विठ्ठलभाई पटेल अध्यक्ष झाले आणि सभागृहाचे नोकर सरकारला बांधील नसावेत यासाठी भांडले. 10 जानेवारी 1929 रोजी अध्यक्षांच्या ताब्यातला स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला. ज्या सरकारला सभागृहाने जाब विचारायचा, त्याच सरकारच्या हातात सभागृहाच्या कारकुनाची बदली असेल तर प्रश्नांच्या फायली कुठे अडतील, हे वेगळं सांगायला नको. या पदाला ‘मंत्रालयाचा माणूस’ म्हणणं म्हणजे हा सगळा झगडाच पुसून टाकणं.

‘प्रश्न दाबतो’ या आरोपात मात्र एक कण खरा आहे. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी), स्थगन प्रस्ताव (ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणारा), सगळ्या सूचना सचिवालयातच येतात. विषय राज्य सरकारच्या कक्षेत आहे का, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे का, नियमात बसतं का, हे कर्मचारी तपासतात आणि टिपणी वर जाते. स्वीकारायचं की नाकारायचं हा अधिकार अध्यक्षांचा, परिषदेत सभापतींचा. एवढ्या ढिगातली प्रत्येक सूचना एका माणसाने बारकाईने वाचणं अवघड असतं, म्हणून टिपणीला वजन येतं, हे मान्य. पण मग मागणी करायची ती नाकारण्याची कारणं सविस्तर जाहीर करा अशी, आणि ती अध्यक्षांकडे. सचिवाला शिव्या देऊन पुढच्या अधिवेशनातही तेच होणार.

निलंबनाचं एक उदाहरण पाहा. 5 जुलै 2021 रोजी भाजपचे 12 आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. ठराव संसदीय कार्यमंत्र्यांनी मांडला, सभागृहाने आवाजी मतदानाने मंजूर केला. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा तपासला गेला तो सभागृहाचा ठराव. सचिवाचं काम निर्णयाची नोंद ठेवणं आणि तो कळवणं.

याचा अर्थ सही म्हणजे नुसता शिक्का, असंही नाही. अर्णब गोस्वामी यांच्यावरच्या हक्कभंग (सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग) प्रकरणात सचिवालयातून 13 ऑक्टोबर 2020 चं एक पत्र गेलं. त्या पत्रावरून पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्र लिहिणाऱ्या सहायक सचिवालाच अवमानाची कारणे दाखवा नोटीस काढली. अधिकार नसला तरी जबाबदारी असते, आणि ती एकट्याच्या अंगावर येऊ शकते.

अध्यक्ष नसताना सचिव मालक? नाना पटोले यांनी फेब्रुवारी 2021 मध्ये राजीनामा दिला आणि राहुल नार्वेकर निवडून आले 3 जुलै 2022 ला. जवळजवळ सतरा महिने खुर्ची रिकामी होती. काम पाहिलं ते उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी, अनुच्छेद 180 प्रमाणे. उपाध्यक्षही नसतील तर राज्यपाल एखाद्या सदस्याची नेमणूक करतात. सचिवाचं नाव त्या क्रमात कुठेच येत नाही.

उलट एका कामात तो अध्यक्षांच्याही अधीन नसतो, आणि त्याबद्दल फिरत्या मजकुरात अवाक्षर नाही. जून 2022 ची राज्यसभा निवडणूक आठवा. सहा जागा, सात उमेदवार. विधानमंडळाचे प्रधान सचिव तेव्हा निवडणूक निर्णय अधिकारी होते. 10 तारखेला काही मतांवरच्या आक्षेपांमुळे मतमोजणी रात्री उशिरापर्यंत अडली होती. शेवटी निवडणूक आयोगाने आमदार सुहास कांदे यांचं मत बाद करायला सांगितलं आणि मगच मोजणी सुरू झाली. त्या रात्री हुकूम चालला तो दिल्लीतल्या आयोगाचा. मुख्यमंत्र्यांचाही नाही, अध्यक्षांचं काम पाहणाऱ्या उपाध्यक्षांचाही नाही.

राहिला ‘वर्षभर मोकळा’. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती, पंचायत राज समिती, यांचं काम अधिवेशनाबाहेरही चालतं. बैठकीची सूचना काढणं, विभागांकडून माहिती मागवणं, साक्षी नोंदवणं, अहवालाचा मसुदा तयार करणं, हे सगळं सचिवालय करतं. आमदारांचे पगार-भत्ते, ग्रंथालय, प्रतिवेदकांनी टिपलेल्या शब्दशः कार्यवाहीची छपाई हेही त्याच छपराखाली. आणि हिवाळी अधिवेशन नागपूरला असलं की मुंबईतलं हे कार्यालय फायली, माणसं आणि यंत्रांसह तिकडे उभं करायचं, अधिवेशन संपलं की परत आणायचं. सभागृहात मंत्री उठून ‘चौकशी करू’ म्हणतो आणि बातमी तिथेच संपते. ते वाक्य कार्यवाहीतून शोधून आश्वासन म्हणून नोंदवणं आणि विभागाकडे त्याचा पाठपुरावा करणं हे काम त्यानंतर कित्येक महिने याच कार्यालयातल्या टेबलांवर चालू असतं.