लाल आधी, काळा मग

गोव्यात चोडणहून रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीत पहिल्या रांगेत गाडी लागणं हा मान असतो. पुढचा पत्रा धक्क्यावर टेकला की सगळ्यांच्या आधी आपण सुटायचं, पणजीच्या रस्त्याला लागायचं आणि मागे राहिलेल्या जनतेकडे आरशातून बघायचं. जूनमधल्या एका सोमवारी हा मान मला मिळाला. पत्रा टेकला, खलाशानं हात केला, मी सेल्फ मारला. माझी मोटारसायकल म्हणाली, 'टिक'.

पुन्हा मारला. 'टिक टिक टिक टिक.' मीटरमधला दिवा मिणमिणला आणि देवघरातल्या निरांजनासारखा शांत झाला. मागे तीसेक दुचाक्या, दोन मोटारी आणि भाजीचा एक टेंपो. सगळ्यांनी एका सुरात हॉर्न धरला. उलट उत्तर द्यावं तर माझा हॉर्नही त्याच बॅटरीवर.

"किक मार रे!" मागून एक पायलट ओरडला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पायलट म्हणजे विमानवाला नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं पोचवणारा. पण किक मारायला किक तर हवी! माझ्या गाडीला कंपनीनं ती दिलेलीच नाही. दाखवताना शोरूमवाल्यानं "आता कोण किक मारतो, साहेब" असं म्हटलं होतं आणि मीही आधुनिक माणसासारखी मान डोलावली होती.

शेवटी चौघांनी मिळून गाडी ओल्या चढावरून ढकलत रस्त्यावर आणली. पायलट म्हणाला, "दुसऱ्या गिअरात घाल, क्लच दाब, आम्ही धक्का देतो, वेग आला की सोड." वेग आला, सोडला, गाडी घोड्यासारखी अडली आणि मी टाकीवर आदळलो. तीनदा. (टाकी पुढच्या बाजूला किती कठीण असते, हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत.) कार्ब्युरेटरच्या काळात पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरायचं, त्यामुळे धक्क्यावर गाडी सुरू व्हायची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला, फ्युएल इंजेक्शन आलं, पेट्रोल पुढे ढकलायला विजेचा पंप आला. बॅटरीत जीवच नसेल तर पंप नाही, ठिणगी नाही. तुम्ही पणजीतल्या पाटोपर्यंत ढकला, गाडी नुसती फिरायला येते.

रायबंदरच्या मेकॅनिकनं साईड पॅनल उघडून, बॅटरीकडे बघत, न्यायाधीशासारखा विचारलं, "राहतो कुठं?"

"मये."

"रोज फेरी?"

"रोज."

"मग फेरीनं खाल्ली."

हे निदान मला आधी कोकणी विनोद वाटलं. पण त्यानं हिशोब मांडला. सकाळी चोडणच्या धक्क्यावर रांग. एक फेरी भरून गेली की रांग वीस पावलं सरकते. लोक गाडी पायानं ढकलतात. मी मात्र दर वीस पावलांना सेल्फ मारतो, कारण इस्त्रीची पँट. एकदा सेल्फ मारला की बॅटरीतून जेवढं जातं ते भरून यायला गाडी थोडा वेळ नीट पळावी लागते, वीस पावलं नव्हे. वर माझ्या गाडीचा दिवा चावी फिरवताच लागतो आणि चावी मी रांगेत फिरवूनच ठेवतो, म्हणजे आपण तयारीत आहोत असं वाटतं. दुचाकीला फेरीचं तिकीट नाही, असं मी पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो. तिकीट होतं. बॅटरीतून कापलं जात होतं.

"नवीन टाक. अठराशे," मेकॅनिक म्हणाला.

अठराशे ऐकताच माझ्यातला काटकसरी गृहस्थ जागा झाला. त्यानं मला त्याच रात्री मोबाईलवर बेचाळीसशेचा जंप स्टार्टर घ्यायला लावला.

ही वस्तू म्हणजे दांडगी पॉवर बँक. आत लिथियमच्या बॅटऱ्या, बाहेर दोन जाड वायरी, त्यांच्या टोकाला एक लाल आणि एक काळा चिमटा. खोक्यावर '1000 अँपिअर पीक' असं लिहिलेलं. पीक म्हणजे क्षणभर, हे आत बारीक अक्षरात. बायकोनं विचारलं, "अहो, बॅटरी अठराशेची आणि ती सुरू करायचं यंत्र बेचाळीसशेचं?" मी म्हटलं, "बॅटरी एका गाडीला लागते, हे कुठल्याही गाडीला चालतं." "आपल्याकडे किती गाड्या आहेत?" हा प्रश्न मी ऐकला नाही.

आणि यंत्र चाललं, हीच खरी पंचाईत झाली. नसतं चाललं तर परत पाठवून गपचूप बॅटरी घेतली असती.

मग रोजचा विधी सुरू झाला. सकाळी आठ, बाहेर मुसळधार, एका खांद्यावर छत्री, मोबाईलचा टॉर्च दातांत. साईड पॅनल काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो. स्क्रू ड्रायव्हर सीटखाली. सीटचा बोल्ट साईड पॅनलच्या आत. (ज्यानं हे योजलं त्याला मी एकदा भर पावसात आमच्या अंगणात बोलावणार आहे.) आत बॅटरी अशी बसवलेली, जशी शेवटच्या बसमध्ये आपण बसतो. चिमटे मोटारीच्या मापाचे, मगरीच्या जबड्याएवढे. मोटारसायकलचा टर्मिनल म्हणजे करंगळीच्या नखाएवढा बोल्ट. लाल चिमटा त्याला धरेपर्यंत शेजारच्या लोखंडी चौकटीला टेकायला बघतो, आणि काळा जोडलेला असताना टेकला तर ठिणगी. म्हणून लाल आधी, काळा मग. काढताना काळा आधी, लाल मग. हे मी पाढ्यासारखं पाठ केलं होतं. चिमटे उलटे लागले तर यंत्र शिट्टी घालतं, तो आवाज ऐकून शेजारचे भाई खिडकीत येतात आणि "लागली?" असं विचारतात. बरोबर लागले की हिरवा दिवा. मग तीनेक सेकंद सेल्फ. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबायचं, नाहीतर यंत्र आणि स्टार्टर दोघंही तापतात. या अर्ध्या मिनिटात छत्रीतून पाणी नेमकं मानेवर पडतं.

यंत्र उन्हात किंवा सीटखाली ठेवू नये, लिथियम तापतं, असं पुस्तिकेत बजावलेलं. म्हणून ते ऑफिसच्या पिशवीत, डब्याशेजारी. एकदा बांगड्याचं हुमण सांडलं आणि आठवडाभर माझ्या लाल चिमट्याला मांजरं वास घेत होती.

या काळात माझी कीर्तीही झाली. फेरीच्या रांगेत कुणाची गाडी रुसली की लोक मला हाक मारायचे. काळ्या पाटीच्या भाड्याच्या बाईकवर अडकलेल्या एका पर्यटक जोडप्याची गाडी मी दहा सेकंदांत चालू केली. त्यांनी माझ्यासोबत फोटो काढला. "काका, बडे सिस्टिमॅटिक हो," असं तो मुलगा म्हणाला. ते फेरीत चढले. मी मागे राहिलो, कारण चिमटे गुंडाळेपर्यंत माझी गाडी बंद पडली होती.

मेकॅनिक अधूनमधून दिसायचा. "टाकली?" "बघतो." यंत्र गाडी सुरू करून देतं, बॅटरी बरी करत नाही, हे त्यानं सांगून झालं होतं. उपाशी राहिलेल्या बॅटरीत शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग तिला कितीही खायला घाला, अंगी लागत नाही. मला पटत होतं. पण सकाळी गाडी सुरू झाली की पटलेलं विसरायला होतं.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी पणजी बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं सामान घेतलं. आंबाडे, तोरिंग, ओल्या सुपारीचा घोस, हळदीची पानं. दोन्ही हात भरून गाडीपाशी आलो, पिशवीतून यंत्र काढलं. चारांपैकी एक ठिपका. तोही लुकलुकणारा. आदल्या रात्री वीज गेली होती, तेव्हा घरातल्या तिन्ही मोबाईलांनी त्याच्यावर पंगत मांडली होती. लाल आधी, काळा मग. टिक. ठिपका गेला.

गाडी तिथंच ठेवून बॅटरी सोडवली, काखेत मारली आणि दुकान गाठलं. दुकानदारानं मीटरच्या दोन सुया टेकवल्या. 10.4. "आत सहा सेल असतात, पात्रांव. एकेक दोन व्होल्टच्या थोडा वर. भरलेली असती तर बारा पॉइंट सहा दाखवलं असतं. ह्यातला एक मेलाय." एवढे दिवस मी पाच जणांना सहा जणांचं काम करायला लावत होतो तर.

नवीन बॅटरी मिळाली, पण तिला चार्जिंगला लावावी लागणार होती. "उद्या ये," दुकानदार म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "नको. उद्या चवथ. आमचा दीड दिवसांचा. त्यानंतर ये."

मग पायलट केला. पिवळं मडगार्ड, कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी. मांडीवर माटोळी, पाठीला पिशवी, पिशवीत बेचाळीसशे रुपये. रायबंदरला फेरीत आम्ही पहिल्या रांगेत उभे राहिलो. चोडणचा धक्का आला, पत्रा टेकला, पायलटनं उभं राहून एक किक मारली. एकच.

चढ चढून वर आल्यावर तो बाजूला थांबला. त्याचा मोबाईल बंद पडला होता, घरी कळवायचं होतं. माझ्या पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या यंत्राकडे त्यानं बोट केलं.

"तो पॉवर बँक मा? पाच मिनिटं दी."

"उतरलाय," मी म्हटलं.