बांधायला पैसे आहेत, चालवायला नाहीत

माझं मत आधीच सांगून टाकते. सरकारने पैसा घातला तर लहान ग्रामीण शहरं सावरतात, काही वाढतातही. पण सरकारचा हात सर्वांत सढळ असतो तो बांधकामात, आणि या गावांचा जीव तिथे अडकलेला नसतो. दवाखान्याची इमारत उभी राहते आणि डॉक्टरची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. पाण्याची टाकी होते, पण पंप बिघडला की दुरुस्तीला पैसा नसतो. गेली काही वर्षं या विषयावर हाती लागेल ते वाचते आहे, आणि जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली उदाहरणं मला पुन्हा पुन्हा इथेच आणून सोडतात. पोस्ट लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

‘माणसं शहरात जाताहेत तर जाऊ द्या, सरकारने मधे पडूच नये’ असं मानणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी आधी विजेची गोष्ट. १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतली बहुतेक शहरी घरं दिव्यांनी उजळलेली होती, पण शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. खासगी कंपन्यांचा हिशोब सरळ होता. मैलभर तार ओढायची आणि तिच्यावर गिऱ्हाइकं मोजकीच, तर परवडणार कसं? १९३५ साली रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळी यंत्रणा उभारली, १९३६ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने कमी व्याजाची, लांब मुदतीची कर्जं दिली आणि ती घ्यायला शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था पुढे आल्या. खांब त्यांचे, तारा त्यांच्या, बिलाची वसुली त्यांची, आणि वादळात तार तुटली तर ती जोडायला जाणारा माणूसही त्यांच्याच पगारावरचा. वीसेक वर्षांत बहुतेक सगळ्या शेतांवर वीज पोचली. त्यातल्या कितीतरी संस्था आजही चालू आहेत. बाजाराने सोडून दिलेलं काम सरकारी पैशाने झालं आणि टिकलं, कारण कर्ज मंजूर होतानाच ते चालवणार कोण हे ठरलेलं होतं.

त्याच काळात, १९३३ साली, टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी अमेरिकेने स्वतंत्र प्राधिकरण काढलं. धरणं, वीज, खतांचे कारखाने, मलेरियाचा बंदोबस्त असं सगळं एकत्र हाती घेतलं. पॅट्रिक क्लाइन आणि एन्रिको मोरेत्ती या अर्थतज्ज्ञांनी त्याचा लांब पल्ल्याचा हिशोब २०१४ साली मांडला. सरकारी मदत चालू होती तोवर शेतीतला रोजगारही वाढला आणि कारखान्यांतलाही. मदत आटल्यावर शेतीतली वाढ ओसरली, कारखान्यांतली मात्र पुढेही होत राहिली. म्हणजे एकदा नीट दिलेला धक्का पुढे कितीतरी वर्षं काम करू शकतो.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष माझ्या बाजूचा नाही, तोही सांगायला हवा. खोऱ्यात कारखानदारी एकवटल्यामुळे जो फायदा झाला, तितकंच नुकसान देशाच्या इतर भागांत झालं असावं, बेरीज जवळपास शून्य, असं ते म्हणतात. सरकारने मधे पडू नये म्हणणारे नेमका हाच मुद्दा पुढे करतात. मला तो पटतो, पण अर्धाच. कारण मोठी शहरं काही निव्वळ स्वतःच्या हिमतीवर वाढलेली नाहीत. बंदरं, विमानतळ, भुयारी रेल्वे, विद्यापीठं, मंत्रालयं, न्यायालयं हे सगळं सरकारी पैशाने तिथेच उभं राहिलं आणि वर्षानुवर्षं सरकारी पैशानेच चालतं. त्याला आपण शहरावरचं अनुदान म्हणत नाही, देशाची गरज म्हणतो. लहान गावातली प्रसूतीची खोली मात्र लगेच ‘परवडत नाही’ या रकान्यात जाते. हा दुजाभाव मला खरोखर सलतो.

आता जिथे पैसा पाण्यात गेला त्या जागा. इटलीने १९५० साली दक्षिणेच्या विकासासाठी मोठा सरकारी निधी स्थापन केला, तो १९८४ पर्यंत चालला. सुरुवातीची वर्षं पाणी, रस्ते, जमीन सुधारणा यांची होती, आणि ती बरीच फळली. पुढे अवजड उद्योगांची ओढ लागली. कालाब्रिया प्रांतातल्या ज्योया ताउरो या गावाला १९७० च्या दशकात पोलाद कारखान्याचं आश्वासन मिळालं. त्यासाठी संत्र्यांच्या बागा आणि ऑलिव्हची झाडं तोडली, समुद्रात प्रचंड बंदर खोदलं. तोवर जगातली पोलादाची मागणी घसरली होती. कारखाना आलाच नाही. बंदर जवळपास वीस वर्षं ओस पडून होतं. अशा प्रकल्पांसाठी इटालियन लोकांनी ‘वाळवंटातली कॅथेड्रलं’ असा शब्दच पाडला. १९९५ साली त्या बंदराला कंटेनरची मोठी जहाजं लागू लागली आणि ते देशातलं एक प्रमुख बंदर झालं. काही जण म्हणतात, बघा, शेवटी उपयोग झालाच ना. मला हे म्हणणं क्रूर वाटतं. ज्याच्या बागेवर कुऱ्हाड चालली आणि ज्याची कारखान्यात नोकरी लागणार होती, त्याची उमेदीची वीस वर्षं त्या हिशोबात कुठेच येत नाहीत.

जपानच्या होक्काइदो बेटावरचं युबारी याहून जास्त अस्वस्थ करतं, कारण तिथे हेतू चांगला होता. कोळशाच्या खाणींचं हे गाव १९६० च्या सुमारास लाखाहून जास्त वस्तीचं होतं. खाणी एकेक करून बंद झाल्या, शेवटची १९९० मध्ये. नगरपालिकेने ठरवलं की आता पर्यटनावर जगायचं. कोळशाच्या इतिहासाचं उद्यान, करमणुकीच्या सोयी, हॉटेलं, बर्फावरच्या खेळांचं केंद्र, असं एकामागून एक उभं केलं. पाहुणे हवे तितके आले नाहीत, तोटा दरवर्षी साठत गेला, आणि तो अल्पमुदतीची कर्जं फिरवून झाकला गेला. २००७ साली युबारी नगरपालिकेची दिवाळखोरी अधिकृतपणे नोंदली गेली. डोक्यावर ३५ अब्ज येनांहून जास्त बोजा होता. त्यानंतर काय कापलं गेलं ते पाहा: नगरपालिकेचे निम्मे कर्मचारी गेले, राहिलेल्यांचे पगार उतरले, प्राथमिक शाळा एकत्र करत करत एकच उरली, रुग्णालयाचा छोटा दवाखाना झाला. लोकसंख्या दहा हजारांच्याही खाली गेली. उद्यानाचं कर्ज फेडण्यासाठी शाळा आणि रुग्णालय आखडलं. ज्या दोन गोष्टींसाठी एखादं तरुण कुटुंब गावात टिकलं असतं, त्याच गेल्या.

रस्त्यांबद्दलही थोडं. रस्ता आला की विकास येतो हे इतकं सर्वमान्य आहे की त्यावर शंका घेणाऱ्याकडे लोक चमकून बघतात. भारतात २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने हजारो वस्त्या पक्क्या रस्त्याला जोडल्या. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाद यांनी २०२० साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. रस्ता झाल्यानंतर चारेक वर्षांनी गावातली माणसं शेतीबाहेरच्या कामाला मोठ्या संख्येने जाऊ लागली होती. शेतीचं उत्पन्न, कुटुंबाची मिळकत, घरातली मालमत्ता यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. याचा अर्थ रस्ते करू नयेत असा कुणी काढू नये. पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागू नये एवढ्या एका कारणासाठीही रस्ता हवाच. पण रस्त्याला दोन टोकं असतात. गावाच्या टोकाला काही नसेल तर माणूस दुसऱ्या टोकाकडेच जाणार.

त्याच देशातलं दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता की बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्या लागतील. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांच्या २००५ सालच्या अभ्यासानुसार या विस्तारामुळे ग्रामीण गरिबी कमी झाली. कर्जं बुडण्याचं प्रमाणही मोठं होतं, ती किंमत बँकांनी मोजली. तरीही यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाखा म्हणजे रोज दहा वाजता येऊन खुर्चीत बसणारा माणूस. तो आला की बचत होते, कर्ज मिळतं, आसपासच्या वस्त्यांतली माणसं बाजाराला त्याच गावात येतात. लहान शहराचा जीव असतो तो या ये-जा करणाऱ्या माणसांत. पोस्ट, बँक, शाळा, दवाखाना यांतलं एक बंद पडलं की बाजाराला येणारी चार कुटुंबं पुढच्या गावाला जातात आणि मग दुकानं मिटायला लागतात.

दक्षिण कोरियाचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. १९७० मध्ये सरकारने तेहतीस हजारांहून जास्त गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिलं, अट एवढीच की ते सार्वजनिक कामाला वापरायचं. ज्यांनी ते नीट वापरलं अशा साधारण निम्म्या गावांना पुढच्या फेरीत ५०० पोती आणि एक टन लोखंड मिळालं. गावाला स्वतः काय करायचं ते ठरवू देणं मला आवडतं. मागे पडलेल्याला वगळणं अजिबात आवडत नाही. ज्या गावात भांडणं आहेत, पुढारी नाही, तिथेच बहुधा मदतीची गरज जास्त असते. शिवाय ते हुकूमशाहीचं राज्य होतं, आणि इतकं करूनही तरुण मुलं सोलला जातच राहिली.

मला सगळ्यात मनापासून पटलेलं उदाहरण उत्तर नॉर्वेचं आहे. आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या त्या भागात डॉक्टर टिकत नसत. दक्षिणेतून पाठवले तर दोन-तीन वर्षांत परत जात. १९६८ साली नॉर्वेच्या संसदेने उत्तरेतल्याच ट्रॉम्सो इथे विद्यापीठ काढायचं ठरवलं, १९७२ मध्ये ते सुरू झालं. इतक्या लांब, इतक्या विरळ वस्तीत वैद्यकीय शिक्षण कसं द्यायचं, असा आक्षेप राजधानीकडून आला होताच. विद्यापीठाने वैद्यकीय शाखेत उत्तरेतल्या मुलांसाठी जागा राखल्या आणि शिक्षणातला काही काळ लहान रुग्णालयांत आणि गावातल्या डॉक्टरांच्या हाताखाली घालवायला लावला. पुढे पाहणी झाली तेव्हा उत्तरेत वाढलेल्या आणि तिथेच शिकलेल्या डॉक्टरांपैकी बहुसंख्य उत्तरेतच काम करताना आढळले. त्याहून उत्तरेकडच्या फिनमार्कमध्ये १९९० पासून नोकरी देणाऱ्यावरचा सामाजिक सुरक्षेचा कर शून्य आहे, आणि तिथे राहून काम करणाऱ्याचं शैक्षणिक कर्ज दरवर्षी थोडं थोडं माफ होतं. यातून फिनमार्कची लोकसंख्या उसळली नाही. ती साधारण होती तिथेच राहिली. पण चहूबाजूंनी ओस पडत जाणाऱ्या जगात, टोकाच्या थंडीतला एक प्रांत तीस वर्षं टिकून राहतो हे मला मोठं यश वाटतं.

इथेच माझा आणि अनेक नियोजनकारांचा खटका उडतो. त्यांच्या लेखी विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा पगार, परिचारिकेचा पगार, माफ केलेलं कर्ज हा सगळा चालू खर्च. आणि चालू खर्च म्हणजे काटकसरीची पहिली जागा. इमारत मात्र भांडवली खर्च, म्हणून ती गुंतवणूक. हिशोबाच्या वहीत हा भेद ठीक असेल, गावात तो उलटा असतो. तिथे इमारत जुनी असली तरी चालते. शिक्षक नसला की मुलांचे आईबाप घर बदलायचा विचार करू लागतात.

स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ एग नावाचं छोटं बेट आहे. ते शहर नाही, जेमतेम शंभर माणसांची वस्ती आहे, तरी त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पिढ्यान् पिढ्या ते कुणा ना कुणा जमीनदाराच्या खासगी मालकीचं होतं. १९९७ साली रहिवाशांनी ते एका न्यासामार्फत विकत घेतलं. २००८ साली, बराचसा बाहेरचा सार्वजनिक निधी मिळवून, त्यांनी पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीज उभी केली. त्याआधी ज्याचं त्याचं डिझेलचं जनरेटर होतं. ही वीज मर्यादित, म्हणून त्यांनी आपसांत ठरवून घेतलं: प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट, व्यवसायाला दहा. देखभाल शिकून घेतली ती बेटावरच्याच माणसांनी. एखाद्या घराने मर्यादा ओलांडली की तिथला पुरवठा बंद होतो, आणि तो पुन्हा चालू करून द्यायला त्यांच्यातलाच कुणीतरी येतो.