सरासरीइतका पाऊस म्हणे!

महिना संपला की ठरलेली बातमी: 'जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस'. जिल्ह्यात म्हणजे नेमका कुठे हो? साताराच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी लोक नशीब मानतात. दोघांना एका आकड्यात कोंबायचं, पुढे टक्क्यांची खूण लावायची, झालं काम! घाटमाथ्यावरच्या धो-धो पावसाने माणची बाजरी कशी भिजते, ते तेवढं कुणी सांगत नाही.

'सामान्य' हा शब्द तर भलताच सोयीचा. हवामान विभागाच्या लेखी उणे 19 ते अधिक 19 टक्के, सगळं सामान्यच. महिन्याची सरासरी 200 मिमी असेल तर 162 पण सामान्य आणि 238 पण सामान्य. मधला फरक 76 मिमी. इकडे 75 ते 100 मिमी झाल्याशिवाय पेरू नका म्हणून कृषी विभाग कंठशोष करतो, आणि जवळपास तेवढाच पाऊस तिकडे एका शब्दाखाली गडप!

खरं डोकं फिरतं ते महिन्याच्या बेरजेने. 200 पैकी 150 मिमी दोन रात्रींत पडला आणि पुढे तीन आठवडे पावसाने ओढ दिली, तरी कागदावर 100 टक्के. त्या दोन रात्रींचं पाणी मुरतं कुठे? वरची माती घेऊन ओढ्याला लागतं. टोकाचं उदाहरण हवंय? 26 जुलै 2005, सांताक्रूझ, 24 तासांत 944 मिमी. तिथली अख्ख्या जुलैची सरासरी 920च्या आसपास. बाकी महिनाभर थेंब पडला नसता तरी जुलै 'सामान्य'च ठरला असता. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. तरी 'मुंबईचा पाऊस' म्हणून एकच आकडा फेकायची हौस काही जात नाही.

मे महिन्यात वेगळाच तमाशा. सरासरीच 12 मिमी, त्यात 60 पडला की मथळा 'पाचपट पाऊस'. जुलैत तेवढाच 48 मिमी जादा पडला तर कुणी ढुंकून बघत नाही. आणि 'विक्रमी' म्हणताना नोंदी कधीपासूनच्या, हे गुलदस्त्यात. मोबाइलवरचा आकडा तर बहुतेकदा संगणकाचा अंदाज असतो, पर्जन्यमापकातलं पाणी नव्हे. तोही बिनधास्त छापतात.

केंद्र कुठलं आणि सरासरी कुठल्या 30 वर्षांची, 1961-90 की 1991-2020, ते लिहा. 2.5 मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस किती, सलग कोरडे किती, सगळ्यात मोठ्या दिवसाचा वाटा किती, तेही लिहा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे 26च्या रात्रीचा पाऊस 27च्या रकान्यात जातो, एवढं तरी तपासा. हे सगळं चार ओळींत बसतं. पण जागा नसते ना! ती छत्री उलटलेल्या माणसाच्या फोटोला दिलेली असते.