मानेची नस दाबून बीपी कायमचं उतरत नाही

सध्या एक मेसेज घरोघरी फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: रक्तदाब मेंदूच्या देठातून चालतो. मानेच्या दोन्ही बाजूंना ठोके लागतात त्या नसा एकदम दोन मिनिटं दाबून धरल्या आणि सोबत सावकाश श्वास घेतला की देठाला ‘दाब कमी कर’ असा निरोप जातो. रोज केलं तर बीपी कायमचं उतरतं. चक्कर आली तर उपाय लागू पडला समजा. चार पायांच्या प्राण्यांना बीपी होत नाही, कारण त्यांची मान आडवी असते. आणि गोळ्या देठातलं हे केंद्र बधिर करतात, म्हणून त्या बंद करा.

माझ्या मामांनी हे करून पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, खुर्चीत बसून दोन्ही अंगठे गळ्यावर. डोळ्यांपुढे अंधारी आली, मान कलली, मामीने धरलं म्हणून खाली पडले नाहीत. सावरल्यावर मला फोन करून म्हणाले, “अगं, लागू पडलं की!” शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे हे ऐकून जी चीड आली ती लपवत नाही.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि लोक फसतात ते तिथेच. गळ्यात ठोके लागतात ती नस म्हणजे कॅरोटिड धमनी. तिला दोन फाटे फुटतात तिथे ती किंचित फुगीर असते. त्या भागाला कॅरोटिड सायनस म्हणतात. त्याच्या भिंतीत चेतातंतूंची टोकं असतात आणि भिंत किती ताणली गेली ते ती टिपतात. तशीच टोकं महाधमनीच्या कमानीतही असतात. प्रत्येक ठोक्याची खबर नवव्या आणि दहाव्या कपाल-चेतेतून लंबमज्जेत, म्हणजे देठाच्या खालच्या भागात पोचते, न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस नावाच्या पेशीसमूहात. तिथून एक वाट व्हेगसमार्गे, म्हणजे त्याच दहाव्या चेतेतून, हृदयाकडे जाते आणि ठोके मंदावते. दुसरी वाट लंबमज्जेतच, तिच्या पुढच्या-बाजूच्या भागात उतरते. तिथला वरचा पेशीसमूह एरवी सतत जागा असतो. मज्जारज्जूमार्गे अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणाऱ्या) चेतांना चालना देत तो रक्तवाहिन्या आवळलेल्या ठेवतो. धमनीची भिंत जास्त ताणली गेली की खालचा समूह त्याला आवरतो आणि वाहिन्या सैलावतात. दाब घसरला की आवर सुटतो. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, तरी आपण कोसळत नाही ते या यंत्रणेमुळे. हे सगळं काही सेकंदांत होतं.

आता अंगठ्यांकडे या, कारण सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे. भिंत आतल्या रक्ताने ताणली की बाहेरच्या बोटाने चेपली, हे त्या टोकांना वेगळं कळत नाही. ती ‘दाब वाढला’ अशी खोटी खबर देतात. देठ ती खरी मानून हृदय मंद करतो, वाहिन्या सैल सोडतो. त्याच वेळी मेंदूकडे जाणाऱ्या दोन मुख्य धमन्या तुम्ही स्वतःच्या हाताने चेपून धरलेल्या असतात. चक्कर येते ती मेंदूला रक्त कमी पडतं म्हणून. तिला उपायाची खूण म्हणणं हा निव्वळ गुन्हा आहे!

डॉक्टरही कॅरोटिड सायनस चोळतात, हे मला माहीत आहे. हृदयाची काही प्रकारची धावती लय थांबवायला किंवा वारंवार येणाऱ्या बेशुद्धीचं कारण शोधायला. पण कसं, ते बघा. रुग्णाला आडवं झोपवतात, ईसीजी चालू ठेवतात. आधी पक्षाघात होऊन गेलाय का ते विचारतात, स्टेथोस्कोप मानेवर ठेवून धमनीत घरघर येतेय का ते ऐकतात. मग एकाच बाजूला, 5 ते 10 सेकंद. दोन्ही बाजू एकदम कधीच नाही. कारण उतारवयात काहींचा सायनस इतका हळवा असतो की नुसत्या चेपण्याने हृदय 3 सेकंदांहून जास्त थांबतं. आणि धमनीत चरबीचा थर असेल तर त्याचा तुकडा सुटून थेट मेंदूत जाऊ शकतो.

राहिलं ‘कायमचं’. 1973 मध्ये काउली, लियार्ड आणि गायटन यांनी कुत्र्यांच्या कॅरोटिड सायनसकडून आणि महाधमनीकडून येणाऱ्या चेता कापल्या आणि रक्तदाब दिवसभर नोंदवला. मेसेज खरा असता तर दाब आभाळाला भिडायला हवा होता. प्रत्यक्षात सरासरी थोडीच बदलली, पण दाबाचे हेलकावे प्रचंड वाढले. म्हणजे हा मार्ग मुख्यतः क्षणाक्षणाचे धक्के सांभाळतो. दिवसांचा, महिन्यांचा हिशेब मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडं ठेवतात, मीठ आणि पाणी किती राखायचं यावर. शिवाय दाब बराच काळ चढा राहिला की ही टोकं त्यालाच सरावतात, वजनकाट्याचा शून्यच सरकावा तशी. मॅककबिन, ग्रीन आणि पेज यांनी 1956 मध्येच कुत्र्यांमध्ये हे दाखवलं होतं.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. सायनसला विजेची सूक्ष्म स्पंदनं देणारं यंत्र आहे, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदय दुर्बल झालेल्या काही रुग्णांसाठी ते मंजूरही केलं. पण ते शस्त्रक्रिया करून बसवतात आणि ते सतत चालू ठेवावं लागतं. दोन मिनिटांच्या अंगठ्याशी त्याचा संबंध नाही. सावकाश श्वासाने या प्रतिक्षेपाची, म्हणजे दाब आपोआप सावरण्याच्या या क्रियेची, धार थोडी वाढते, दाब थोडा उतरतो, हेही खरं. तेवढं जरूर करा, गोळी घेऊन करा.

प्राण्यांचा मुद्दा वेळ घालवण्यासारखा नाही. मूत्रपिंड बिघडलेल्या मांजरांचा दाब इतका चढतो की डोळ्याचा पडदा सुटून ती आंधळी होतात. आनुवंशिक उच्च रक्तदाबाच्या उंदरांचा वाण जपानमध्ये 1963 पासून संशोधनात आहे. दोघांचीही मान आडवीच.

आणि गोळ्या. अॅम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करते, थायाझाइड मूत्रपिंडातून मीठ बाहेर काढते, टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन या वाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाची वाट अडवते. यातली एकही देठ बधिर करत नाही. देठावर काम करणारी क्लोनिडीन आहे खरी, पण तीच अचानक थांबवली की दाब उसळून आधीपेक्षाही वर जाऊ शकतो. बीटा-ब्लॉकर एकदम सोडल्यावर हृदयावर ताण येतो तो वेगळाच. तुमच्या घरी या मेसेजमुळे कुणी गोळी थांबवली असेल तर आजच दाब मोजा, गोळीचं नाव आणि ती किती दिवस चुकली ते डॉक्टरांना फोनवर सांगा, आणि पुन्हा कितीपासून सुरू करायची ते त्यांनाच ठरवू द्या.