नवी बॅटरी आणि मंद पेटणारा लाल दिवा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुन्या गाडीतल्या विजेच्या बिघाडांवरचा माझा लेख वाचून तुम्ही दोन रविवार मीटर घेऊन बॉनेटखाली घालवले आणि हाती काही लागलं नाही. शेवटी नवी बॅटरी बसवली आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मग ‘बॅटरी सगळ्यात शेवटी बदला’ असं का सांगता, हा तुमचा सवाल.

आधी माझी चूक. ‘इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट दिसायलाच हवेत’ असं मी सरसकट लिहिलं. बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर असलेल्या, म्हणजे नंतरच्या गाडीला ते बहुतेक वेळा लागू पडतं. तुमच्या गाडीत त्याच कामाला जुना डायनॅमो आहे, आणि आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं मंद चालू असताना, डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. कटआउट, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच, तेव्हा उघडाच असतो. तुम्हाला १२.३ दिसले ते स्वाभाविक होतं. त्या आकड्यापायी तुमचा एक रविवार गेला, तो माझ्यामुळे. माफ करा. लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकी मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. गाडी सुरू झाली म्हणजे बिघाड गेला, असं होत नाही. नवी बॅटरी भरलेली असते, एवढंच त्यातून कळतं. पॉइंट्सच्या (ठिणगीसाठी यांत्रिक स्विच असलेल्या जुन्या) इग्निशनला साधारण तीन-चार ॲम्पियर पुरतात. म्हणजे चार्जिंग पूर्ण बंद असलं, तरी ४० ॲम्पियर-अवरची भरलेली बॅटरी दिवसाउजेडी गाडी कित्येक तास चालवेल. रात्री हेडलाइट आणि वायपर लागले की खरं काय ते बाहेर येतं. आणि अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. तुमची जुनी बॅटरी अशीच गेली असेल, तर नवीही त्याच वाटेने जाईल.

मला ही भीती वाटते ती तुमच्याच एका वाक्यामुळे. ‘वेग वाढवला तरी लाल दिवा मंद पेटतो, पण तो पूर्वीपासूनच तसा आहे’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. चार्जिंगच्या त्या दिव्याच्या एका बाजूला डायनॅमो असतो, दुसऱ्या बाजूला इग्निशन स्विचमधून आलेली बॅटरी. कटआउट नीट चिकटला की दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. मंद उजेड म्हणजे मध्ये कुठेतरी व्होल्ट अडताहेत: कटआउटचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत, नाहीतर एखादं टोक सैल आहे.

अर्थिंगचं, म्हणजे करंट गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परतायच्या वाटेचंही तेच: बॅटरी बदलून तो बिघाड जात नाही. एका मित्राच्या गाडीत बॅटरी बदलली, सेल्फ उघडून बांधला, तरी इंजिन जड फिरायचं. सेल्फ मारताना माझा हात चोकच्या केबलला लागला, तर ती चांगलीच तापलेली. इंजिन आणि चासी यांच्यातली विणलेली पट्टी बोल्टखाली हिरवी पडली होती, आणि सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने, म्हणजे चोकच्या केबलमधून परतत होता. पट्टी काढली, दोन्ही बाजूंचा धातू चकचकीत होईपर्यंत घासला, काम झालं.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग तपासायची तुमची रीत मात्र सोडा. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली, तरी चांगली तेव्हाही नव्हती. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि अल्टरनेटरमधले डायोड जाऊ शकतात.

आता एकच माप घ्या. हेडलाइट लावा, आयडलिंगच्या बराच वर वेग ठेवा, आणि रेग्युलेटरच्या पेटीवर (कटआउट याच पेटीत असतो) डायनॅमोची जाड तार जिथे येते ते टोक आणि बॅटरीकडे जाणारं टोक, यांवर मीटरच्या दोन पिना टेकवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बिघाड त्या पेटीतच आहे. मग बॅटरी सोडवून कटआउटचे कॉन्टॅक्ट बारीक काचपेपरने हलके पुसा. बॅटरी जोडलेली असताना कटआउट बोटाने दाबू नका. बॅटरीचा सगळा जोर उलटा डायनॅमोत शिरतो. जो आकडा येईल तो इथेच लिहा, मी वाट बघतोय.