हँडब्रेकची केबल आवळण्याबद्दल खुलासा

"जुन्या मारुती ८०० चा मागचा एकच ब्रेक जास्त लागत असेल तर हँडब्रेकची केबल दोन फेरे आवळा, दोन्ही चाकं सारखी होतात," असा मेसेज फिरतोय. तो मूळ मीच टाकला होता. तो चुकीचा आहे, आणि ब्रेकचा प्रश्न असल्याने मनाला लागून राहिलंय.

गेल्या रविवारी शेजारच्या काकांच्या गाडीचे मागचे ब्रेक ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्या, काढले. डाव्या व्हील सिलिंडरचं (ब्रेक दाबल्यावर आतले अर्धगोल शू ड्रमवर ढकलणारा भाग) रबर बोटाने जरा उचललं, तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं. शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, तेलाने काळे पडलेले. असे लायनर कधी घसरतात, कधी एकदम पकडतात. केबल आवळून यातलं काहीच सुधारत नाही. उलट शू पूर्ण मागे येत नाहीत, ड्रम तापतो आणि लायनर झिजेल तशी फट भरून काढणारा आतला अ‍ॅडजस्टर नीट चालत नाही. केबलला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

आधी पुढच्या चाकांना ओट (पाचर) लावा, गाडीची मागची बाजू जॅकने उचलून जॅक स्टँडवर टेकवा, हँडब्रेक सोडून मागची चाकं हाताने फिरवा. एक जड वाटलं तर शू, केबल किंवा सिलिंडर अडकलाय का ते बघा. तेलकट लायनर पुसून परत बसवू नका, दोन्ही चाकांचे एकदमच बदला. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.