भुताला सोलापूर मानवत नाही

हिंदीत भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंच्या सिनेमातलं एखादं भूत मे महिन्यात सोलापूर स्टेशनवर उतरलं असतं, तर सात रस्त्यापर्यंत पोचायच्या आत रसवंतीत जाऊन बसलं असतं. या भुतांना धुकं लागतं, विजा लागतात, ऐन मध्यरात्री कोसळणारा पाऊस लागतो. आमच्याकडे धुक्याच्या जागी फुफाटा, आणि पाऊस आलाच तर लोक कौतुकानं दारात येऊन उभे राहतात. शिवाय हवेली पाहिजे. आमच्याकडे आहे तो भुईकोट किल्ला. तिथला वॉचमन संध्याकाळी शिट्टी फुंकून भुतालासुद्धा बाहेर काढेल.

लहानपणी अंथरुणात पडल्यावर मी असा मुद्देसूद विचार करून स्वतःला धीर द्यायची. धीर यायचा नाही, पण विचार बरोबर होता, असं माझं आजही मत आहे.

भीतीचा रतीब सुरू झाला तो गल्लीतल्या व्हिडिओमुळे. आम्ही पूर्व भागात राहायचो. दिवसभर यंत्रमागांची खडखड, आणि कुणाकडे बारसं-डोहाळजेवण असलं की रात्री भाड्यानं रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी. क्रम ठरलेला. आधी म्हाताऱ्या माणसांसाठी देवाचा सिनेमा, मग अमिताभ, आणि आज्ज्या घोरायला लागल्या की 'तसला'. तसला म्हणजे भुताचा. आमची गल्ली सभ्य होती.

'पुराना मंदिर' (1984) मी दादाच्या पाठीआडून, बोटांच्या फटीतून बघितला. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं एका पेटीत आणि धड भलतीकडेच गाडलेलं. आता पेटीचं काय होतंय म्हणून सगळे श्वास रोखून बसलेले आणि पडद्यावर मुंग्या आल्या. व्हीसीआरचं हेड खराब. मग कुणीतरी उठून व्हीसीआरचं झाकण काढणार, खिशातली कोरी नोट आत घालून हेड पुसणार, आणि तेवढा वेळ आम्ही पोरं अंधारात त्या मुंडक्याचा विचार करत बसणार. रामसेंनी सिनेमात घातलं नव्हतं एवढं भूत त्या नोट पुसण्यात आमच्या डोक्यात तयार झालं. चित्र परत आलं तेव्हा सामरीच्या तोंडावरून आडव्या रेघा पळत होत्या. पुढं हाच सिनेमा स्वच्छ प्रिंटमध्ये लागला, तर रेघांशिवाय मला सामरी ओळखू येईना.

खरी परीक्षा त्यानंतर. उन्हाळ्यात सगळं घर माळवदावर झोपायचं. चादरीच्या आत भूत येत नाही, हा नियम कुठल्याही पोराला शिकवावा लागत नाही; फक्त पाय बाहेर राहता कामा नये. बाकीच्या महाराष्ट्रातली पोरं पातळ पांघरुणात आरामात घाबरत असतील. आमच्याकडे सोलापुरी चादर! जाडजूड, धुतल्यावर पिळायला दोन माणसं लागणारी, वर मोर. दिवसभर बेचाळीस डिग्रीत तापलेलं माळवद खालून, ही चादर वरून, आणि मध्ये मी. भूत परवडलं पण घाम नको, अशी वेळ आली की नाक बाहेर काढायचं, एक श्वास घ्यायचा आणि परत आत. एकदा आज्जीनं ते पाहिलं. "ताप आलाय का गं पोरी?" म्हणत तिनं नुकताच पाण्यात तांब्या बुडवलेला ओला हात माझ्या कपाळावर ठेवला. मी किंकाळी फोडली. पलीकडच्या माळवदावरचे दोन कामगार, पहिल्या पाळीला उशीर झाला असं वाटून, उठून जिना उतरायला लागले.

मोठी झाल्यावर या रामसेंविषयी वाचलं आणि माझा राग बराच निवला. सात भाऊ. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेलं कुटुंब, वडिलांचं रेडिओचं दुकान. 'दो गज जमीन के नीचे' (1972) काढायला सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं. एक भाऊ कॅमेरा बघतोय, एक आवाज, आणि घरातल्या बायका अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करताहेत. माझं लक्ष तिथंच अडकलं. प्रेत उठून चालायला लागलं की लोक दिग्दर्शकाला दाद देतात. पण प्रेताचा मेकअप उतरेपर्यंत आमटी गरम कुणी ठेवली? आणि ज्या धुक्याला आम्ही परमुलखातलं समजून भीत होतो, ते सातारा जिल्ह्यातलं निघालं! सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल तर रूरकीला शिकलेले इंजिनिअर. दादाला बारावीला गणितात मिळालेले मार्क आठवून मी म्हटलं, आमच्याकडे उलट झालं असतं तरी चाललं असतं.

पण सामरीचं एक बरं होतं. तो हिंदी बोलायचा आणि अवाढव्य होता. आमच्या दोन खोल्यांत तो उभाच राहू शकला नसता. 1993 मध्ये 'झपाटलेला' आला आणि माझी ही सगळी तटबंदी कोसळली. त्यातला झपाटलेला बाहुला तात्या विंचू मराठी बोलतो. त्याला पाऊस नको, हवेली नको, कॉटखाली सहज मावतो. थिएटरात लोक लक्ष्मीकांत बेर्डेला बघून लोळत होते, मीही लोळले. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्यांचा बाहुला, या जोडीनं मला काय करून ठेवलंय ते घरी आल्यावर कळलं. फडताळात माझी बाहुली बसली होती. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून आणलेली, आडवी केली की डोळे मिटणारी. त्यातला डावा डोळा पहिल्या महिन्यातच बिघडला होता, तो मिटायचा नाही. इतके दिवस मला त्या डोळ्याची दया यायची.

त्या रात्री बाहुली तेलाच्या रिकाम्या डब्यात गेली. डब्यावर झाकण, झाकणावर पाटा, पाट्यावर वरवंटा. सकाळी आईला वाटण करायचं होतं. "पाटा कुठं नेऊन ठेवला गं?" मी सांगितलं. आईनं डबा उघडला, बाहुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काहीही न बोलता बाहुली उचलून बोहारणीसाठी काढलेल्या कपड्यांत टाकली. तिनं मला समजावून सांगायला हवं होतं, भूतबीत काही नसतं वगैरे. पण ज्या चपळाईनं तिनं बाहुली घराबाहेर घालवली, त्यावरून 'झपाटलेला' तिनंही नीट बघितला होता, एवढं मला समजलं.

तेव्हापासून मी प्रत्येक भुताचा आधी पत्ता बघते. हवेलीत राहतंय? मग खुशाल मुंडकं फिरवू दे. राम गोपाल वर्मांनी 'रात' (1992) मध्ये भूत साध्या घरात आणलं आणि 'भूत' (2003) मध्ये थेट फ्लॅटमध्ये. त्यात एकही गाणं नाही. हा निव्वळ छळ आहे. रामसे निदान मधूनमधून गाणं टाकायचे, माणसाला बाथरूमला जाऊन यायची सोय होती. आम्ही नुकतेच जुळे सोलापुरात लिफ्टवाल्या इमारतीत राहायला गेलो होतो. 'भूत' बघितल्यावर मी जिनाच चढायला लागले. शेजारणी म्हणाल्या, बारीक झालात हो!

मग ती जपानी 'रिंग' (1998). तिच्यातली बाई विहिरीतून वर येते आणि टीव्हीच्या पडद्यातून सरपटत खोलीत उतरते. म्हणजे आता भुताला पत्तासुद्धा नको, आपणच हप्त्यावर टीव्ही घेऊन त्याचं दार घरात बसवून घ्यायचं. पण त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं. बाई खांद्यापर्यंत बाहेर आली असती की लाईट जाऊन तिथंच अडकली असती. लोडशेडिंगबद्दल चांगलं बोलणारी सोलापुरात मी एकटीच असेन.

माझा नवरा रत्नागिरीचा. भुताच्या बाबतीत कोकणी माणसाला जो अहंकार असतो, तो त्याच्यात ठासून भरलाय. मुंजा पिंपळावर, देवचार वेशीवर, हडळ पाणवठ्यावर, सगळी नावानिशी ठाऊक. "तुमच्याकडे काय आहे?" असं तो विचारतो, आणि खरंच आमच्याकडे शेंगाचटणी सोडून सांगण्यासारखं काही निघत नाही. 'तुंबाड' (2018) बघताना तर त्याची छाती फुगली होती. तुंबाड हे गाव त्यांच्या जिल्ह्यातलं, पाऊस त्यांचा, सगळंच त्यांचं. त्या सिनेमातला पाऊस खरा मिळावा म्हणून ती मंडळी कित्येक पावसाळे शूटिंग करत राहिली म्हणे. सोलापुरात करायला घेतला असता तर अजून पहिलाच सीन चालू असता. मला 'तुंबाड' फार आवडला आणि अजिबात भीती वाटली नाही. एवढा ओला प्रकार आपल्याकडे येणं शक्यच नाही.

आमच्याकडे पाणी येतं ते नळाला, चार-पाच दिवसांतून एकदा, आणि तेही रात्री-अपरात्री. गेल्या महिन्यात लेकानं मोबाईलवर कुठलासा भुताचा सिनेमा लावला, आम्ही दोघं त्याच्या खांद्यावरून बघत बसलो आणि नेमकी तीच पाण्याची पाळी निघाली. अडीच वाजता खालच्या नळातून घरघर सुरू झाली. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते. आधी घशात कफ दाटल्यासारखा आवाज, मग उचकी, मग लांबलचक सुस्कारा. मी नवऱ्याला हलवलं. हडळींना नावानं ओळखणारा हा गृहस्थ म्हणाला, "तू हो पुढे, मी इथून टॉर्च धरतो." इथून म्हणजे गादीवरून.

मी एकटीच पार्किंगमध्ये उतरले. दिवा उडालेला. नळ उचक्या देतोय. आणि टाकीच्या मागून पांढरा पायघोळ गाऊन, मोकळे केस आणि हातात काहीतरी लोंबतंय, असं माझ्याच दिशेनं यायला लागलं. माझ्यापासून हातभर अंतरावर ते थांबलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणालं, "आलं का?"

मी आज्जीच्या वेळची किंकाळी फोडली. तिसऱ्या मजल्यापर्यंत लाईट लागले.

"वरडायलाव काय ओ वैनी?" तळमजल्याची अक्का हातातली पाइपाची नळी माझ्या अंगावर टाकत म्हणाली. "मोटर लावा की आधी, प्रेशर जायलंय!"